उघडा उतार

११ जून
सगळी वाळली! गेल्या आठवड्यात लावलेली रोपं, एकूण एक. उपटून पाहिली तर मुळं काळी ठिक्कर. खाणीतून उपसलेल्या दगडांचा हा ढिगारा, त्यात माती नाहीच. आणि मी निघालेय त्यावर झाडं उभी करायला.

१२ जून
पुन्हा लावली.

२९ जून
धो धो पाऊस. वर पसरलेली माती सगळी खाली, वहिनीच्या दारात. मागच्या पावसाळ्यात ढिगारा घसरला तेव्हा अर्धं घर गेलं, आणि त्यात झोपलेला दादा. सापडलाच नाही. उरलेल्या अर्ध्यात वहिनी राहते. आज खराट्याने चिखल लोटत म्हणाली, "वन्सं, तुमची बाग आली बघा माझ्याकडे!" हसली. मला नाही हसता आलं. उतार धरून ठेवायला मुळं हवीत. तेवढं एकच काम माझ्याकडे, आणि तेच होत नाही. पुन्हा घसरला तर?

२० जुलै
खाणीचे साहेब येऊन गेले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. "जगत नाहीत ना झाडं? मग सोडा. वस्तीच हलवू."
वहिनीला सांगितलं. तिने ढिगाऱ्याकडे पाहिलं. "ह्यांना एकटं टाकून मी कुठे जाऊ?"


५ ऑगस्ट
सावलीकडच्या दगडांवर काळपट काहीतरी. पाणी शिंपडलं की हिरवं होतं — शेवाळ. त्यात वाऱ्याने आलेली धूळ अडकलीय, चिमूटभर. साहेबांना फोन केला. "शेवाळाने डोंगर धरून ठेवता का, बाई?" खरंच की. दादा याहून जास्त माती चपलांना लावून घरात यायचा. आई किती ओरडायची.

१८ सप्टेंबर
काम बंद. फावडी, पाइप परत केले. दगडालाही पाझर फुटतो म्हणे. खोटं आहे सगळं. वहिनी जेवायला बोलावते. कुठल्या तोंडाने जाऊ?

४ ऑक्टोबर
जमलं नाही, एवढं दादाला सांगायला वर गेले होते. उतरताना पायाखालचा दगड सुटला. घसरत गेले, ओरडलेही नाही. जाऊ दे, असंच वाटलं! मग हाताला काहीतरी लागलं, घट्ट धरलं. गवत. शेवाळातून वर आलेलं, कुणीच न लावलेलं. माझा अख्खा भार त्याच्यावर —
उपटलं नाही.