टेबलावरचा लाल रुमाल

बाई, आज मी शिकवते त्या हडपसरच्या शाळेत आठवीतली एक मुलगी सरावासाठी चक्कर आल्याचं सोंग करून पडली. बाकीच्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि नंतर शाळेची व्यवस्था कुठे तोकडी पडली ते मला सांगितलं. प्रथमोपचाराची पेटी कुलपात कशाला, असं एकीनं धीटपणे विचारलं. मी कुलूप काढून टाकलं. तुम्ही असतात तर तिला वर्गाबाहेर काढलं असतंत.

तुमच्या वर्गात पडायचं काम कायम माझं. मला दमा होता. "हिला अभिनय करायला नको, चेहरा तयारच असतो," असं म्हणून आरोग्याच्या प्रत्येक तासाला तुम्ही मला फरशीवर झोपवायचात. मुलं गोंधळली की घड्याळ बघून म्हणायचात, "गेली. आता हिच्या आईला काय सांगणार, ते एकेकानं उभं राहून सांगा." मुलं माझ्या आईला माझं मरण सांगायची, तुम्ही त्यांची वाक्यं सुधारायचात, आणि मला डोळे उघडायची परवानगी नसायची. मी तुमचा मनापासून द्वेष करायचे. अजूनही करते.

मग एके दिवशी फळ्यापाशी तुम्हीच कोसळता. वर्ग खूश, आज सरावाला बाईच! कोणी टाळ्या वाजवतं, त्रुटी शोधायला मार्क असायचे, म्हणून कोणी त्या लिहायला वही उघडतं. मला मात्र कळतं, कारण पडायची सवय मलाच. खोटं पडणारा आधी हात टेकतो. तुमचा हात खडूसकट तसाच राहिला होता. "अरे, हे खरं आहे!" मी ओरडते. "गप गं, मार्क जातील," शेजारीण म्हणते. शेवटी मीच धावत जाऊन शिपाईमामांना आणलं.

बऱ्या होऊन आलात, पण आभार वगैरे नाहीतच. "काय चुकलं?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, "बाई, चुकलं तुमचं. खोटं कुठलं आणि खरं कुठलं, हे कळायला काही खूणच नव्हती." तासभर बाहेर उभं केलंत मला. पुढच्या वेळी मात्र टेबलावर लाल रुमाल होता. तो असेल तर सराव, नसेल तर खरं. फरशीवर अर्थात मीच.

माझ्या टेबलावरचा रुमाल बघून मुलं विचारतात, ही कल्पना कोणाची. आमच्या बाईंची, म्हणते. प्रेमळ होत्या का? मुळीच नाही, म्हणते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी धायरीला तुमच्या घरी अंत्यदर्शनाला आले, तेव्हा तुमच्या पाया पडायच्या आधी मी खोलीतलं टेबल पाहून घेतलं. रुमाल नव्हता.