डब्यातली घरघर

१२ डिसेंबर १९५७
आजही बोलली नाही! "कमळे, जेवली का?" म्हणून दोनदा विचारलं. तांदूळ निवडत राहिली, वर पाहिलंही नाही. माझं काय चुकलं? शेजारची गिरजा म्हणते, "तुमच्या रेडिओची घरघर आमच्या घरापावतर येते काकाजी. काकी कटाळल्या असन." तसंच असेल. भजनाच्या वेळी कमळा अगदी रेडिओला खेटून बसते, टपावर हात ठेवून. आणि भजन कमी, घरघरच जास्त! तोंडाने काही म्हणत नाही. मनात धरून बसली आहे.

१४ डिसेंबर
सिनेमाची मशीन चालवणारा इस्तारी येऊन पाहून गेला. "कंडेन्सर गेला काका. घरघर त्याचीच. असाच चालवसान तं एक दिवस पुरा रेडिओच जळन."
कंडेन्सर म्हणजे रुपयाएवढ्या तोंडाचा पत्र्याचा डबा. तसा आता चांद्यात मिळत नाही. नागपूरचा नवा इस्तारीजवळ आहे, पण तो लहान — त्या जागी बसत नाही. मी म्हटलं, डबा जुनाच ठेवू, आतलं बदलू. जन्मभर कंदिलांना कथलाचे डाग दिले आहेत.
इस्तारी हसला. "रेडिओ म्हंजे कंदील नोहोय काका! प्लग काढला तरी डब्यात करंट राह्यते. हात लावसान तं इथून सीधे बल्लारशाले जासान!"
मी मेलो तर मेलो. रेडिओ मेला तर कमळा जन्मात बोलायची नाही.

१७ डिसेंबर
प्लग काढला. काढला की नाही, पुन्हा पाहिलं. आणखी एकदा पाहिलं. इस्तारीने डब्यातला करंट उतरवला. मग मी बुडाशी करवत फिरवली, डबा शेकला, आतली गुंडाळी ओढून काढली — कागद, पत्रा, काळं चिकट, आणि वास! नवा आत उभा केला, तारांना डाग दिला, काप लाखेने बुजवला. बाहेरून काही कळत नाही.
कमळा दारातून पाहत होती. "सांभाळून जी," म्हणाली. बोलली!

१८ डिसेंबर
लावून पाहायचा धीर झाला नाही.

१९ डिसेंबर
रेडिओ जळू नये म्हणून इस्तारीने तारेच्या मधात बल्ब जोडून सुरू केला. बल्ब भक्कन पेटला — मी प्लगकडे धावलो! — मग मंद झाला. "घाबरू नका, असंच होते." आणि नागपूरचं भजन लागलं. घरघर नाही! टाळसुद्धा वेगळे ऐकू येत होते. गिरजा धावत आली, "अगो माय, कसा गोड वाजते!"
कमळा तिच्या जागेवर येऊन बसली. टपावर हात ठेवला. मग हात थोडा सरकवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.
"काऊन जी, अजून लावला नाई का?"
रेडिओ मोठ्याने गात होता. इस्तारीने मान खाली घातली.

२० डिसेंबर
दुपारी तिच्यासमोर बसलो. तिचा हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि विचारलं, "कमळे, जेवली का?"
"कवाची!" म्हणाली. "तुमी?"