ताईचे पिवळे फूलझाड कोणते

मी, बाबांची धाकटी आणि आता एकुलती मुलगी, वय तेवीस, हे स्वखुशीने लिहून ठेवते. ज्या डोक्यावर उद्या शस्त्रक्रिया आहे, ते आज शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे.

१. पुस्तके ग्रंथपालबाईंना द्यावीत. पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत.

२. माझी खरी मालमत्ता म्हणजे मागच्या अंगणातला वाफा. ताईने जाण्यापूर्वी तिथे डेझीच्या कुळातले, पुरुषभर उंचीचे, दरवर्षी मुळापासून फुटणारे पिवळे फूलझाड लावले. पुढच्या वर्षी काकूने तसलेच दुसरे आणले. "लाव गं, कुठंही फोफावतं. तुझ्यासारखं रुसत नाही." ते फोफावले आणि ताईच्या झाडात शिरले. ही तक्रार मी तोंडावर कधी केली नाही, येथे नोंदवते.

मुळे आता सांडपाण्याच्या नळात शिरली आहेत. बाबा वाफा खणणार आहेत. "ताईचं कोणतं ते दाखव, तेवढं ठेवतो," म्हणाले. मला दाखवता आले नाही. कोंब वीतभर, दोन्हींची पाने समोरासमोर, मुळे एकमेकांत गुंतलेली. फुलल्याशिवाय ओळख पटणार नाही, आणि तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे. बाबा, तोवर कुदळ उचलू नका. पाया पडते.

३. माझे भिंग 'दुसरी'ला. वर्गात ती कायम माझ्यामागे दुसरी आली. दोन्ही झाडे एकच, असा तिचा हट्ट. "पिवळं दिसलं की तुला संशयच येतो," म्हणाली, तेव्हापासून अबोला आहे. तिने फुलांच्या दिवसांत यावे. कडेची पाकळी उपटून तळ पाहावा. बी धरलेले दिसले तर ते ताईचे. तळ पोकळ निघाला तर काकूचे. ताईच्या पाकळ्या वाळूनही फुलाला चिकटून राहतात, काकूच्या गळतात. ताईच्या दांड्याला दोरा बांधावा.

४. दोन्हींत बी सापडले, तर 'दुसरी'चेच खरे होते. तसे तिने बाबांना सांगू नये. कोणत्याही एका झाडाला दोरा बांधावा. बाबा हे वाचतीलच. तरी त्यांनी त्या दोऱ्यावर विश्वास ठेवावा.

वाचून, समजून सही केली.
(सही) धाकटी

साक्षीदार:
१. वॉर्डातील परिचारिका
२. शेजारच्या खाटेवरील शिवणकामवाल्या बाई. सही करताना म्हणाल्या, "पांढरा दोरा घ्या म्हणावं. रंगीत उन्हात विटतो."

स्थळ: स्त्रियांचा वॉर्ड
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी