हायड्रोजनने काही होत नाही

तीर्थस्वरूप मामांस,

थोर शास्त्रज्ञ भाचीचा मान खाली घालून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? मामीचा राग निवळला का? मी खुशाल आहे, अब्रू तेवढी गेली.

गेल्या सुट्टीत तुमच्या वर्कशॉपमध्ये (तुमच्याच खुर्चीत बसून) मी सुनावलं होतं, की दमट रॉडमुळे वेल्डिंगमध्ये हायड्रोजन शिरतो आणि लोखंड दुसऱ्या दिवशी तडकतं, ही जुन्या लोकांची उगीच भीती आहे. मी सहा महिने मोजलंय, काही होत नाही. तुम्ही मान डोलावलीत. ती डोलावलेली मान आता मला छळते आहे.

माझं काम असं: केसाच्या शंभराव्या भागाएवढे पोलादाचे खांब कोरायचे, त्यांत हायड्रोजन भरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाबून पाहायचे. भरलेले असोत की कोरे, खांब सारखेच वाकायचे. मी हुरळून गेले. निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं (मला शीर्षक आधी सुचतं, अक्कल नंतर). फक्त हायड्रोजन भरल्यावर मी नमुना धुवायची, पुसायची, वहीत सुवाच्य अक्षरात नोंद करायची, डबीत ठेवायची आणि चहाला जायची. परवा यंत्र सांभाळणाऱ्या काकांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "एवढुशा खांबात तो वायू तुमचा चहा होईपर्यंत थांबतो का हो?"

थांबत नाही. तुमच्या जाड पत्र्यात तो मुक्काम ठोकतो, माझ्या खांबातून बघता बघता पसार होतो. म्हणजे सहा महिने मी कोऱ्या खांबांची कोऱ्या खांबांशी तुलना केली आणि ते सारखे निघाले म्हणून स्वतःची पाठ थोपटली. काल खालून हायड्रोजन भरत असतानाच वरून दाबलं, तर पहिलाच खांब तडकला. मार्गदर्शक बाईंनी निबंध पुन्हा लिहायला सांगितला आहे.

तुमची,
शिकलेली भाची

ता.क. आईला कळवू नका. तिने माझा शोध अख्ख्या शेजाराला समजावून सांगितला आहे.

ता.क. दुसरं, आणि पत्राचं खरं कारण: मी निघताना तुम्ही म्हणालात, "शिकलेली पोर सांगतेय, तर रॉड सुकवायचा ओव्हन बंद करतो." मामा, तो आजच्या आज चालू करा. आणि त्यानंतर तुम्ही शाळेसाठी वेल्डिंग करून दिलेल्या त्या लोखंडी जिन्यावर तपासणी होईपर्यंत कुणाला चढू देऊ नका. मला दुसरं काही सुचत नाहीये.

ता.क. तिसरं: जिना पत्रावर सोपवून बसवेना, म्हणून फोन केला. मामीने उचलला. ओव्हन एक दिवसही बंद नव्हता म्हणे. मी वळणाआड होताच तुम्ही तो पुन्हा चालू केलात. माझं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही, याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.