न हलणारा सूर

९ जाने.
चारकोपला मंडळाचा वर्धापनदिन १८ ला. मुख्य भाषण माझं. आधी सनई. बाबलकाका वाजवणार, शेजारी आप्पा दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरणार. चाळीस वर्षं हेच.
सेक्रेटरी म्हणतो, "ताई, एकच सूर तर धरायचा. मोबाईलवर ॲप आहे ना. वडलांना कशाला दगदग?"
म्हटलं, "भाषणालापण ॲप आहे. तू कशाला येतोस?"
पत्रिकेत आप्पांचं नाव नाहीच.

११ जाने.
भाषण बदललं. गाण्यामागे तंबोरा असतो, त्याला दम लागत नाही. सनईमागे माणूस बसतो. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, सूर तुटू न देता. वाक्य सापडलं : 'एक जण चाळीस वर्षं हलला नाही, म्हणून दुसरा मोकळा फिरला.' टाळ्या नक्की.

१३ जाने.
आप्पांना घेऊन काकांकडे तालीम. सेक्रेटरीने ॲप लावलं. काकांचा सूर त्याच्या खाली उतरलेला, सरळ बेसूर. "थंडीने पिपाणी बिघडली," म्हणत सनईच्या तोंडाची पत्ती दोनदा बदलली. तेच. सेक्रेटरी "झकास" म्हणून गेला. मग आप्पांनी सनई उचलली आणि सगळं जुळलं.
घरी आप्पांना विचारलं.
"तेचो दम पुरना नाय. सूर उतरता. मग मी पण उतरतंय तेच्याबरोबर."
"कधीपासून?"
"झाली पाच-सात वर्सां."
"आणि ॲप?"
"ता खराच वाजता. तोच वांदो." मग म्हणाले, "तेका सांगू नको. माईकवर तर नायच."

१४ जाने.
लाडकं वाक्य खोडलं. न हलणारा म्हणे. हा माणूस पाच-सात वर्षं मित्रासाठी खाली येतोय.
आयुष्यभर पुराव्याने भांडले. आज पुरावा हातात नि तोंड बंद. तरी भांडणार. सेक्रेटरीला फोन : दोघं बसतील, नाहीतर मी बोलणार नाही.
"पण कारण?"
"कारण नाही."
"ताई, तुम्ही आणि कारण नाही?"
फोन ठेवला.

१८ जाने., सकाळ
सेक्रेटरीचा फोन आला नाही. काकांचा निरोप, स्टेजवर ॲपसाठी स्पीकर लावून ठेवलाय.
आप्पा म्हणतात, "रवांदे गो." पण म्हणताना पिपाणी तोंडात भिजत घातलेली.
रिक्षा सांगितलीय. भाषणाचे कागद टेबलावरच ठेवतेय. आधी आप्पांना काकांशेजारी बसवणार, मग त्यांच्या बाजूला मी, खाली, बैठकीवर.
हलवून दाखवा म्हणावं.