मंगळाचा रकाना

प्रताप नगर, नागपूर

प्रिय कामिनीताई,

तू मौद्याला बदली मागून गेलीस तेव्हापासून फोनवर आपण नुसतं हवापाण्याचं बोलतो. म्हणून हे लिहूनच सांगते. तुझ्या वाढदिवसाला आईने रव्याचे लाडू केले आणि डबा तसाच फळीवर ठेवून दिला. ते बघून मी तणतणतच मंडळाच्या ऑफिसात कामावर गेले. आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळाच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'मंगळ' असा रकाना आहे ना, त्यातला फक्त तुझा पुसायचा होता. रकाना रिकामा कर, एवढा हुकूम कॉम्प्युटरला दिला. कोणाचा, ते लिहायचंच राहिलं. एका झटक्यात तीन हजार चारशे जणांचा मंगळ साफ!

अध्यक्ष मनोहरराव काकांनी चष्मा दोनदा पुसून पडदा बघितला. "काहून वं दामिनी, सगळ्याइचा मंगळ कुठं गेला?" मला हसू आवरेना. आदल्या दिवसाचा बॅकअप होता, दहा मिनिटांत सगळं परत आलं असतं. मी त्यातलाही रकाना पुसला, आणि या वेळी चुकून नाही. काकांना तसं तोंडावर सांगितलं. ज्याला मंगळ बघायचाय त्याने खुशाल पत्रिका मागावी. पण आधी मुलीचा फोटो बघावा, ती काय शिकली ते वाचावं. मुलाकडच्यांनी 'मंगळ नको' निवडलं की तू यादीतूनच गायब व्हायचीस. ताई, त्या घरांनी तुला नाकारलं नाही गं, त्यांना तू दिसलीच नाहीस. रविवारी समितीने बोलावलंय. नोकरी गेली तर गेली, धरमपेठेत दुकानं काय कमी आहेत? कागदी फॉर्म कपाटात आहेत. हौस असेल तर त्यावरून काकांनी स्वतः बसून रकाना परत भरावा.

समितीला सांगणार नाही ते तुला सांगते. फॉर्ममध्ये आईने मंगळ लिहिला म्हणून सहा वर्षं तू तिच्याशी धड बोलली नाहीस. खरं तर आईने ती जागा कोरी सोडली होती. तेव्हा मंडळात माझा पहिलाच आठवडा. अर्धवट फॉर्म चालत नाही म्हणून शहाणपणा करून 'आहे' असं मीच टाईप केलं. आईला कळलं, पण बहिणींत फूट नको म्हणून तिने ते स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. काकांची माफी मी मागणार नाही. तुझी मागते. आधी आईला फोन कर, मला शिव्या नंतर दे.

तुझीच,
दामिनी