दुधाचे चार दात

प्रिय सूनबाई,

बाळाचा फोटो पोचला गं! शेजारणीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला. वाणी म्हणाला, आजी, कालच दाखवलात की. म्हटलं, मग आज नीट बघ! काय ते बोळकं! अगदी माझं. फरक एवढाच, त्याचे दात यायचेत आणि माझे येऊन गेलेत. वर मुलानं फोनवर सांगितलं, बाळाकडे बघायला आईच हव्यात असं तू म्हणालीस. मी फोन ठेवला आणि उगाचच ओटा दोनदा पुसला.

परवा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. कवळी बोचते हे निमित्त, विचारायचं होतं बाळाचं. त्या म्हणाल्या, दूध पाजून झालं की हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसायच्या. पहिला दात दिसला की मऊ ब्रश, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. गोड दिवसभर चघळायला द्यायचं नाही, आणि तोंडात बाटली ठेवून झोपवायचं तर मुळीच नाही. मी म्हटलं, दुधाचे दात पडायचेच असतात ना? तर म्हणाल्या, आजी, ते पुढे येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. तू हेच तर सांगायचीस. आणि मी म्हणायची, चार बुकं काय शिकली, सासूला शिकवायला निघाली!

फोटोत ठकीनं भावाला मांडीवर घेतलंय, पण ओठ घट्ट मिटलेत. हल्ली हसतानाही तोंडावर हात धरते, असं मुलगा म्हणाला. साडेचार वर्षांची पोर गं ती. तिचे वरचे चार दात काढले त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तू माझा हात धरून बसली होतीस. माझा, बघ.

तुम्ही इथे राहायचात तेव्हा तू चष्म्याच्या दुकानात कामाला निघालीस की ठकी दाराशी उभी राहून रडायची. काही केल्या दुपारी झोपायची नाही. एकदा बाटलीतल्या दुधात दोन चमचे साखर घातली, तर गपगार झोपली. मग रोजच घालायला लागले. बाटली तोंडात तशीच राहायची आणि मी निवांत भाजी निवडत बसायची. तू यायच्या आत बाटली विसळून पालथी घालायची. चूक आहे हे ठाऊक नसतं, तर विसळली असती का गं?

ठकीचे दात दाखवायला नेलं तेव्हा याच डॉक्टरीणबाईंनी बाटलीत काय देता विचारलं, तेव्हा मी म्हटलं, नुसतं दूध. घरी आल्यावर चारचौघांत वर म्हटलं, हिच्या माहेरचेच दात किडके. मुलगा तुला बोलला, आईचं लक्ष नसलं की असंच होतं. तू आठवड्यात दुकान सोडलंस. मी बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं गं, तेवढंही बोलले नाही.

आता तू बाळ माझ्या हाती द्यायला निघालीस, म्हणून हे लिहिलं. कुणाच्या हाती देतेस ते तुला कळायला हवं. हे पत्र आधी नवऱ्याला वाचायला दे. तुला जे बोलला ते त्यानं मला बोलावं. मग मला बोलवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. गाडीचं तिकीट मी अजून काढलेलं नाही.

तुझीच,
सासू